आग डोंबिवलीत, बंब ठाण्यात

आमच्या डोंबिवलीत मुलांच्या करिअरला वाटा भरपूर आहेत. सीए व्हा, इंजिनिअर व्हा, बँकेत लागा, नाहीतर परदेशात जा. यातलं काहीच जमलं नाही तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करा, म्हणजे निदान काही वर्षं "अभ्यास चालू आहे" असं तोंड वर करून सांगता येतं. मी यातलं काहीच केलं नाही. मी आग विझवते. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं काढते, नाल्यात पडलेली कुत्री काढते, रस्त्यावर ऑइल सांडलं की त्यावर माती टाकते. ठाण्यातल्या एका फायर स्टेशनवर माझी नोकरी आहे, आणि ती पर्मनंट आहे. माझ्या वडिलांना विचाराल, तर मी "कॉर्पोरेशनमध्ये" असते.

हे खोटं नाही. बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांनी सगळा जन्म बँकेत काढला, त्यामुळे सही करता येईल एवढंच बोलायचं हा त्यांचा स्वभाव झाला आहे. "कॉर्पोरेशनमध्ये" म्हटलं की ऐकणाऱ्याला टेबल दिसतं, पंखा दिसतो, चारचा चहा दिसतो. मुलगी सुखात आहे असं वाटून तो पुढच्या विषयाकडे वळतो. गमबूट घालून चिखलात उतरलेली मुलगी कोणाला दिसत नाही. बाबांना तेच हवं असतं.

माझी मात्र त्यांच्याकडून एकच अपेक्षा होती. बढती नको, कौतुक नको, सत्कार तर नकोच नको. त्यांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं की माझी मुलगी फायर ब्रिगेडमध्ये आहे. एवढं एक वाक्य. माझ्या बापाकडून ते बाहेर काढण्यापेक्षा अडकलेल्या लिफ्टमधून माणूस काढणं सोपं, हे मी अनुभवाने सांगते.

सगळ्याची सुरुवात कॉलेजात झाली. रविवार आला की आमचा ग्रुप पाठीला सॅक लावून कल्याणच्या पुढे कुठलातरी डोंगर चढायला निघायचा. आईबाबांची हरकत नव्हती. दुरून डोंगर साजरे असतातच, आणि संध्याकाळपर्यंत मुलगी घरी यायची. एका रविवारी असंच डोंगरावर गेलेलो, तर एक महाशय कड्याच्या टोकावर फोटो काढायला उतरून अडकलेले. ना वर येता येई, ना खाली. पायथ्याच्या गावातली चारपाच माणसं आणि रेस्क्यूवाल्यांचा एक ग्रुप दोर घेऊन आला. दोर ओढायला हात कमी पडत होते म्हणून त्यांनी आम्हालाही लावलं. ऊन मी म्हणत होतं, हात सोलवटले, आणि अखेर महाशय वर आले. वर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माझा मोबाईल खाली राहिलाय, तो पण काढाल का?"

या क्षेत्रात आभारावर पोट भरत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला कळलं ते भलतंच. मला कळलं की हे काम मला रोज करायचं आहे.

मी त्या रेस्क्यू ग्रुपबरोबर जायला लागले. गाठी शिकले, स्ट्रेचर बांधायला शिकले, मोडलेला पाय न हलवता माणूस कसा उचलायचा ते शिकले. केमिस्ट्रीची पदवी तोवर कशीबशी पदरात पडली. मग पोट कशावर भरायचं याची चौकशी सुरू केली. वाटा होत्या, नाही असं नाही. गिर्यारोहणाचे कोर्स करून शिबिरांत प्रशिक्षक होता येतं, म्हणजे शहरातल्या मुलांना तंबू लावून द्यायचा आणि त्यांच्या आयांचे फोन घ्यायचे. अँब्युलन्सवर जाता येतं, त्याचं शिक्षण वेगळं. पोहता येत असेल तर जीवरक्षक होता येतं, पण गणपती बुडवून झाले की बहुतेक ठिकाणी जीवरक्षकाची गरज संपते, माणसांनी मग आपापल्या जबाबदारीवर बुडायचं असतं. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता येतं. आणि अग्निशमनाचा कोर्स करून, मैदानी परीक्षा देऊन फायर ब्रिगेडमध्ये जाता येतं.

"सेफ्टी ऑफिसर हो," बाबा म्हणाले. "एमआयडीसी घराजवळ आहे. निदान केबिन तरी असते."

आईला मैदानी परीक्षेत जास्त रस होता. त्यात माणसाएवढा पुतळा खांद्यावर टाकून पळायचं असतं आणि उंचावरून खाली ताणून धरलेल्या जाड कापडात उडी मारायची असते, हे मी तिला सांगितलं.

"आणि ते कापड खाली कोण धरणार?"

"माहीत नाही गं. असतील दुसरे उमेदवार."

"म्हणजे तू नापास झालीस तर ज्यांचा नंबर लागणार, ते?"

मी उडी मारून, पास होऊन घरी आले, तेव्हा तिने माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. बाबांनी नेमणुकीचा कागद चष्मा लावून वाचला, शेवटी कॉर्पोरेशनचा शिक्का आहे ना ते पाहिलं आणि म्हणाले, "कॉर्पोरेशन आहे, म्हणजे ठीक आहे." त्या दिवसापासून मी कॉर्पोरेशनमध्ये आहे.

पुढे स्थळं यायला लागली, तीही कॉर्पोरेशनच्या भरवशावर. पोहे खाऊन झाले की खरं काय ते बाहेर पडायचं. एकांनी विचारलं, शिफ्ट बदलून मिळेल का. एका मुलाची आई विचार करून म्हणाली, "मग गॅसजवळ काम करायची भीती नसेल नाही हिला?" मी म्हटलं, नाही, पण आमच्याकडे पेटवायचं काम नसतं. ते स्थळ पुढे सरकलं नाही. बाबा त्या दिवशी माझ्यावर रागावले, आणि मला वाटतं, मनातल्या मनात हसलेही. पण ते काही त्यांनी कबूल केलं नाही.

मध्यंतरी माझ्या शाळेने मला भाषणाला बोलावलं. दहावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शन होतं, त्यात शेवटी वेगळ्या वाटांवर एक वक्ता हवा होता. आधी एक सीए बोलले, मग जर्मनीहून कोणीतरी पडद्यावरून बोललं, आणि पालक रिक्षा शोधायला उठू लागल्यावर मला उभं केलं. मी जीव तोडून सांगितलं. कोर्स कुठला, अभ्यास काय, शरीर कसं कमवायचं, मुलींना उंचीत सवलत किती, डोंगरातल्या रेस्क्यूतून या कामाकडे कसं येता येतं. मुलं ऐकत होती. पालकांनी प्रश्न विचारले. पॅकेज किती? यात परदेशात स्कोप आहे का? एक बाई फारच गोड आवाजात म्हणाल्या, "हे छंद म्हणून नाही का करता येणार, शनिवार-रविवार?" मी म्हटलं, आगीला विचारून सांगते.

बाबा शेवटच्या रांगेत बसले होते. मला सोडायला म्हणून आले आणि थांबले. परत येताना घराजवळ आल्यावर म्हणाले, "बोललीस बरी. एक भाग कमी केला असतास तर आणखी छान झालं असतं."

"कुठला?"

"तो आगीचा."

असो. बापाचं झालं, आता शेजाऱ्यांचं. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या नोकरीची कोणाला फिकीर नव्हती. मग एकदा लिफ्टमध्ये समोरच्या काकू अडकल्या. मी सुट्टीवर घरीच होते, लिफ्टचा दरवाजा उघडून त्यांना बाहेर घेतलं. तेव्हापासून मी बिल्डिंगची ओळख झाले. ओळख ही आमच्याकडे फार मोठी चीज आहे. गॅस नंबर, रेशन कार्ड, हॉस्पिटलातली खोली, शाळेचा प्रवेश, सगळीकडे आधी विचारायचं, "तिथे आपली कोणाची ओळख आहे का?" असली की माणूस निर्धास्त. तसा माझा नंबर सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये घालून घेतला. काकूंनी तर "आग" या नावाने सेव्ह केला, म्हणजे यादीत अगदी वरतीच सापडावा.

मी कितीदा सांगितलं असेल. अहो, काही झालं तर एकशे एक लावा. माझा फोन ड्युटीवर माझ्याजवळ नसतो. शिवाय मी ठाण्याला असते. डोंबिवलीचं कॉर्पोरेशन वेगळं, गाडी वेगळी, आणि ते फायर स्टेशन आपल्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? सगळे मान डोलवायचे. काकू एकदा मला समजावून म्हणाल्या, "अगं, एकशे एक ठीक आहे, पण ते ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी. आपली तू आहेस ना!"

पालथ्या घड्यावर पाणी. दुसरं पाणी मी जिन्याखालच्या मीटर बॉक्सवर ओतत होते, शब्दांनी. तिथे उघड्या वायरी होत्या, आणि त्यांना टेकवून सोसायटीच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर ठेवलेलं. दरवर्षी तेच मखर, नवीन चमकी. हे हलवा म्हटलं की लोक कानांना हात लावायचे. देवाचं आहे, पायदळी कुठे ठेवणार? वर जिन्यात चपलांची कपाटं, सायकली, कुंड्या, काकूंची तांदळाची जुनी कोठी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तेव्हा चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पार्किंगचा प्रश्न आधी सोडवा." हे काका आणि बाबा पार्किंगवरून एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा मीटिंगमध्ये खिडकीबाहेर पाहत बसले.

मग राहिलं घर. घरी मी रोज जेवताना ऐकवायचे. दुसरी वेळच मिळायची नाही. आम्ही आगीच्या खबरेला वर्दी म्हणतो. तर वर्दी देताना ओरडायचं नाही, पत्ता सांगायचा, जवळची खूण सांगायची, काय जळतंय आणि माणसं कुठे अडकलीत ते सांगायचं, आणि फोन ठेवला की लाईन मोकळी ठेवायची, कारण कंट्रोल रूमवाले परत फोन करतात. जिन्यात धूर असेल तर जिन्यात पाऊल टाकायचं नाही. माणूस आगीने मरायच्या आधी धुराने मरतो. दार लावायचं, दाराखाली ओला टॉवेल कोंबायचा आणि गॅलरीत उभं राहायचं. आई म्हणायची, "जेवताना मरणाचं काय बोलतेस गं?" बाबा म्हणायचे, "आमटी वाढ."

मला वाटायचं, भिंतीशी बोलतेय.

मग यंदाची संक्रांत आली. संक्रांत म्हणजे बाकीच्यांना तिळगूळ, आम्हाला मांजा. त्या आठवड्यात ठाण्यातली सगळी झाडं पक्षी पकडायला बसलेली असतात. दुपारी वर्दी आली, वर्तकनगरला एका कॉलनीत घार अडकलीय. गेलो. पिंपळाच्या शेंड्याला घार उलटी लटकत होती, एक पंख मांज्यात. खाली अख्खी कॉलनी जमलेली. अर्धे व्हिडिओ काढत होते, उरलेले सल्ले देत होते. ज्यांच्या पतंगाचा मांजा होता, तेही भूतदयेने मान वर करून उभे असणारच. मी फोन गाडीत ठेवला आणि शिडीवर चढले.

घारीला कोणी सांगितलेलं नसतं की आपण तिच्या भल्यासाठी आलोय. तिने माझ्या हातमोज्यात नख्या रुतवल्या, चोचीने मनगट धरलं. मी मांजा एकेक धागा कापत होते आणि तिला शिव्या घालत होते, प्रेमाने. खालून एक बाई ओरडल्या, "मॅडम, जरा इकडे बघा ना!" मी बघितलं नाही. घार पिशवीत घालून खाली आले, तर आमच्या गाडीचे ड्रायव्हर माझा फोन हातात धरून उभे. ते इथले जुने, त्यांच्या आजोबांची मिठागरं होती. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो.

"तुजा फोन कवाचा वाजतंय गो," ते म्हणाले. "बघ आधी."

मी फोन घेतला. काकूंचे मिस्ड कॉल, काकूंच्या सुनेचे, चौथ्या मजल्याचे, दुसऱ्या मजल्याचे, पुण्याहून मावसबहिणीचा. सोसायटीच्या ग्रुपवर धुराचा फोटो. खाली मेसेज: "जिन्याखाली आग लागली आहे. सगळीकडे धूर. तू गाडी घेऊन ताबडतोब निघ." त्याखाली कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलेलं. त्याखाली, "ती फोन उचलत नाहीये!!" आणि त्याखाली चौथ्या मजल्यावरच्या काकांचं, "हेच म्हणतो मी."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात, ते लहानपणापासून ऐकत आले होते. त्यातला सोमेश्वरीचा बंब आपण स्वतः आहोत, हे त्या दिवशी कळलं. एका अख्ख्या बिल्डिंगने, सुशिक्षित, रोज पेपर वाचणाऱ्या, पेटत्या जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, शेजारची गाडी सोडून खाडीपलीकडच्या ओळखीला फोन लावले होते. आणि ओळख पिंपळावर होती.

त्या सगळ्या नावांत बाबांचं नाव नव्हतं.

आई पलीकडच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेलेली, ते मला माहीत होतं. बाबा घरी एकटे. तिसरा मजला, दोन्ही गुडघे दुखरे. धूर बघून ते काठी घेऊन जिना उतरायला लागले असतील, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. मी असे लोक जिन्यात पाहिलेत. रेलिंगला धरून बसलेले असतात, चेहऱ्यावर काहीच नसतं. मला त्या दिवशी जेवढी भीती वाटली, तेवढी कधीच वाटली नव्हती.

बाबांना फोन लावला. एक रिंग वाजली आणि कट झाला.

पुन्हा लावला. पुन्हा कट.

मी गाडीच्या पायरीवर बसले. मग डोक्यात आलं, कट झाला म्हणजे कोणीतरी कट केला. कट केला म्हणजे माणूस शुद्धीवर आहे, आणि बाबांच्या फोनवर लाल बटण कुठे आहे हे फक्त बाबांना माहीत आहे. मी डोंबिवलीच्या कंट्रोल रूमला फोन केला, पत्ता सांगितला.

"मॅडम, गाडी कधीच पोचलीय," पलीकडचा माणूस म्हणाला. "मीटर बॉक्स आणि थर्माकोल जळालं, विझलंय. धूर काढतायत आता. माणसं सगळी वरच आहेत, कोणी जिन्यात उतरलंच नाही, म्हणून वाचली. नाहीतर थर्माकोलचा धूर तुम्हाला माहितीय."

"वर्दी कोणी दिली?"

"एक सीनियर काका होते. एकच फोन आला त्या बिल्डिंगमधून. पत्ता, खूण, काय जळतंय, सगळं एका दमात. एवढी व्यवस्थित वर्दी मला तरी कधी मिळाली नव्हती. तुमचे कोण?"

मी फोन ठेवला. मामांनी माझ्या हातातून घारीची पिशवी घेतली, आणि स्टेशनच्या साहेबांनी मला ड्युटीवरून सोडलं.

घरी पोचले तेव्हा आग विझलेली, गाडी गेलेली, गर्दी पांगलेली. वरातीमागून घोडं. जिन्याच्या भिंती काळ्याकुट्ट झालेल्या, खाली मखराचा काळा गोळा झालेला, बाप्पाच्या कमानीची एक चमकी तेवढी शिल्लक. पहिल्या मजल्यावर पोचते तोच वरून काकू.

"आलीस? आता आलीस?" त्या मला जिन्यातच गाठून म्हणाल्या. "अगं, किती फोन केले तुला! एक उचलू नये? आमची ओळख असून उपयोग काय? आम्ही सगळे दार उघडून निघालेलो खाली, जीव मुठीत धरून. मी तर अर्ध्या जिन्यात. नशीब तुझे बाबा गॅलरीत होते! ते ओरडायला लागले, कोणी जिन्यात उतरू नका, मागे फिरा, दारं लावा, ओली फडकी लावा. त्यांचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आणि ते चौथ्या मजल्यावरचे, त्यांना तर भांडायला निमित्तच हवं. ते वरून म्हणतात, तुम्ही कोण आम्हाला सांगणार?"

"मग?"

"मग काय! तुझे बाबा म्हणाले, मी कोणी नाही. माझी मुलगी फायर ब्रिगेडमध्ये आहे. आगीत घुसते ती. ती रोज जेवताना हेच सांगते, आणि तिला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं. ती सांगते तेच मी सांगतोय, गुपचूप आत व्हा! खाली रस्त्यावर ही गर्दी, भाजीवाले, रिक्षावाले, सगळे वर बघतायत. आणि गेले गं सगळे आत. ते चौथ्या मजल्यावरचेसुद्धा. पण मी म्हणते, तू एक फोन उचलायला काय हरकत होती?"

मी काकूंना म्हटलं, "काय म्हणाले बाबा?"

"सांगितलं ना आत्ता."

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. फोनची तक्रार पण पुन्हा सांगितली. मी जिन्यातल्या त्या काजळीत उभी राहून दोन्ही ऐकलं, आणि मला रडू आलं. काकूंना वाटलं, फोन उचलला नाही म्हणून पश्चात्ताप झालाय. त्यांनी मोठ्या मनाने माझ्या पाठीवर हात फिरवला.

घरी बाबा आरामखुर्चीत पेपर उघडून बसले होते. दाराखाली अजून ओला टॉवेल होता, माझाच, चांगला. आई हळदीकुंकवाहून आलेली, वाण म्हणून मिळालेली साबणाची डबी हातात तशीच धरून बसलेली.

"फोन का कट केलात?" मी विचारलं. जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तूच सांगितलंयस ना, वर्दी दिली की लाईन मोकळी ठेवायची." बाबांनी पान उलटलं. "कंट्रोल रूमचा फोन आला असता आणि मी तुझ्याशी बोलत बसलो असतो तर? नियम म्हणजे नियम."

"आणि लोकांना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? दारं लावा म्हटलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही. आरडाओरड चालली होती. ज्याला जे सुचेल ते बोलत होता."

मी आईकडे पाहिलं. आई तिथे नव्हतीच, तिला काय माहीत. इतक्यात पुण्याहून मावशीचा फोन आला. बाबांनी सगळी हकीकत सांगितली, मीटर, मखर, धूर, गाडी किती लवकर आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कान टवकारले. मावशीने काहीतरी विचारलं असावं, कारण बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले, "हो, आहे ना. कॉर्पोरेशनमध्येच."

मला हसू आलं, आणि संतापही आला. बाप कड्यावरून पडला तरी सवय सोडायचा नाही.

आता मीटर बॉक्स नवा आहे, त्याला दार आहे. सोसायटीने धडा घेतलाय. यंदा थर्माकोल बंद, मखर पुठ्ठ्याचं होणार आहे, पर्यावरणपूरक. त्याचा सांगाडा कुठे ठेवायचा यावर मीटिंग झाली आणि एकमताने ठरलं, जिन्याखाली, नेहमीच्या जागी. काकूंची कोठी जिन्यातच आहे. माझा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. बाबांनी परत ते वाक्य उच्चारलेलं नाही, आणि मी विचारणं सोडून दिलं. जे वाक्य मी इतकी वर्षं ऐकायची वाट बघत होते, ते भाजीवाल्याने ऐकलं, रिक्षावाल्यांनी ऐकलं, पार्किंगवाल्या काकांनी ऐकलं. मी तेवढी ठाण्यात झाडावर होते.

काकू मात्र अजून ती तक्रार विसरलेल्या नाहीत. महिन्यातून एकदा तरी मला जिन्यात गाठतात, पाहुणे असले तर पाहुण्यांसमोर, आणि सुरू करतात, "हिला आम्ही एवढे फोन केले, पण हिने एक उचलला नाही." ड्युटीला कितीही उशीर होत असला तरी मी कोठीला टेकून उभी राहते आणि सगळं निमूट ऐकून घेते. मध्ये बोलत नाही. कारण पुढे काकू गॅलरीकडे हात करतात, बाबांसारखा आवाज काढतात, आणि म्हणतात, "माझी मुलगी फायर ब्रिगेडमध्ये आहे."